मागच्या रांगेतला आवाज



येत्या 22 नोव्हेंबरला आपण संत सेसिलियाचा सण साजरा करणार आहोत. ती संगीताची आश्रयदाती संत. दरवर्षी या सणाच्या निमित्ताने आम्ही याच पानावर गायकवृंदाचे आभार मानतो आणि सणाच्या मिस्सानंतर त्यांना चहा-नाश्ता देतो. यंदाही नाश्ता आहेच. पण आभाराचे चार शब्द लिहून थांबता येणार नाही.

गेल्या महिन्यात गायकवृंदातील काही सदस्य आम्हांला बंगल्यावर भेटायला आले. मागच्या रांगेत टेनर गाणाऱ्या एका सदस्याला नाताळपूर्वी गायकवृंदातून कमी करावे, असे त्यांचे म्हणणे होते. कारण तो पितो. दोनदा सरावाला पिऊन आला, एकदा तर रविवारच्या मिस्सालाही. शेजारच्याला वास येतो, लहान मुले पाहतात, लोक बोलतात. आलेल्यांपैकी कोणाच्याही मनात वैर नव्हते, हे आम्हांला मुद्दाम सांगायचे आहे. त्यांना देवाच्या वेदीचा मान राखायचा होता. आम्ही त्यांना म्हटले, ‘थोडा वेळ द्या.’ तो वेळ आम्ही कसा घालवला, ते आज लिहीत आहोत.

लहान धर्मग्रामात नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो. म्हणून हे पान छापायला देण्यापूर्वी आम्ही ते त्याला वाचून दाखवले. त्याने एक वाक्य काढायला सांगितले. ते काढले आहे. बाकीचे राहू द्या म्हणाला.

ते सदस्य निघून गेल्यावर आम्हांला आठवण झाली ती एका जुन्या कॅसेटची. पुण्याच्या सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकत होतो, तेव्हा टांझानियाचा एक ब्रदर आमचा सहाध्यायी होता. किलिमांजारो पर्वताच्या उतारावरचे त्याचे गाव. रविवारी दुपारी सारी सेमिनरी झोपलेली असे आणि याच्या खोलीतून स्वाहिली भाषेतील गायकवृंदाचा आवाज येई. स्वाहिलीत गायकवृंदाला ‘क्वाया’ म्हणतात. शब्द इंग्रजी कॉयरवरूनच गेला आहे. एकटा गायक एक ओळ उचलतो, मग चार सुरांत सारा समूह त्याला उत्तर देतो, मागे ढोल. आम्हांला वाटले, आनंदाचे काही भक्तिगीत असावे. विचारले तर म्हणाला, ‘नाही रे, हे दारूवरचे गाणे आहे.’

भक्तिसंगीतात दारू कशाला, असा प्रश्न आम्हांला तेव्हा पडला होता. तुम्हांलाही पडला असेल. पूर्व आफ्रिकेत, म्हणजे टांझानिया, केनिया आणि आसपासच्या देशांत, तो कोणाला पडत नाही. तेथील क्वाया देवाची स्तुती गातात, तशाच एड्सबद्दल, लाचलुचपतीबद्दल आणि दारूबद्दलही गातात. कॅथलिक असोत, लुथरन असोत वा अन्य पंथांचे, प्रत्येकाचे क्वाया आहेत, त्यांच्या कॅसेट निघत, पुढे सीडी आणि व्हिडिओ निघू लागले. आमच्या मित्राच्या त्या गाण्यात बापाने मुलांच्या शाळेच्या फीचे पैसे पिऊन टाकले होते आणि शेवटी उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील घराकडची वाट होती. ही आफ्रिकेची गोष्ट की आपल्या आळीतली, ते तुम्हीच ठरवा.

मात्र त्या ढोलाची कथा आम्हांला त्याच्याकडूनच कळली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. स्वाहिलीत ढोलाला ‘ङोमा’ म्हणतात आणि नाचालाही ङोमाच म्हणतात. नाच आला की मडक्यातली दारू आली. दारूला शब्द ‘पोंबे’. किलिमांजारोच्या चागा लोकांची खास दारू ‘म्बेगे’. ती करतात पिकलेली केळी आणि मोड आलेली नाचणी यांची. आपण वसईकर केळी उन्हात वाळवून सुकेळी करतो, त्यांनी केळ्यांची बिअर केली! ही म्बेगे एकट्याने प्यायची वस्तू नव्हती. लग्न ठरवताना, भांडण मिटवताना, पूर्वजांचे स्मरण करताना वडीलधारे ती एकत्र बसून घेत. मिशनरी आले त्यांनी ङोमा आणि पोंबे एकाच दोरीने बांधलेले पाहिले आणि बहुतेकांनी दोन्हींना चर्चबाहेर ठेवले. बाप्तिस्मा घेणाऱ्याने ढोलही सोडायचा. मग चर्चमध्ये काय गायचे? जर्मन आणि इंग्रजी चालींवर बसवलेली स्वाहिली गीते. पुढे दक्षिण टांझानियातील फादर स्टीफन म्बुंगा यांनी 1959 साली ‘मिसा बाबा येतू’ ही मिस्सा आपल्या लोकांच्या सुरांत रचली. 4 डिसेंबर 1963 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेवरील दस्तऐवजात मिशन प्रदेशांतील लोकांच्या संगीताला योग्य स्थान द्यावे असे म्हटले, आणि ढोल वेदीजवळ परत आला.

ढोल आला, पण मडके आले नाही. लोक नाचत नाचत अर्पण घेऊन वेदीकडे येऊ लागले, तेही शुद्धीत. आनंदासाठी दारू लागतेच, असे मानणाऱ्या कोणत्याही समाजाला, आम्हां वसईकरांसकट, या दृश्याकडे थोडा वेळ बघत बसायला हरकत नाही.

(एक अवांतर. पूर्व आफ्रिकेच्या ख्रिस्ती इतिहासाशी आपल्या महाराष्ट्राचा जवळचा संबंध आहे. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना अँग्लिकन मिशनने नाशिकजवळच्या शरणपूर येथे ठेवून शिक्षण दिले. त्यांतील काही 1864 पासून मोंबासाच्या बाजूला परत गेले आणि तेथील पहिल्या उपदेशकांत मोडू लागले. डॉ. लिव्हिंग्स्टन यांचे शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता. म्हणजे तिकडच्या गाण्यांकडे आपण अगदी परक्यासारखे पाहू नये.)

आता आमच्या मित्राच्या वडिलांकडे येऊ. ते गावच्या क्वायात बास गात आणि पीत असत. केळ्यांच्या म्बेगेपासून सुरुवात झाली आणि मग तिकडे ‘गोंगो’ म्हणतात ती चोरटी हातभट्टी. त्यांच्या क्वायाने दारूविरुद्धचे ते गाणे बसवले तेव्हा वडीलही रांगेत उभे राहून तेच गात. लोक हसत. एकदा ते पिऊन आले, तेव्हा काही जणांनी क्वायाच्या प्रमुखाकडे मागणी केली, अगदी आमच्याकडे आली तीच. त्या दिवशी प्रमुखाने त्यांना खाली बाकावर बसवले. पुढच्या रविवारी मात्र पुन्हा रांगेत घेतले. शिवाय क्वायातील दोघे दोघे आळीपाळीने संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊ लागले, दिवेलागणीच्या वेळी, कारण गोंगोच्या झोपडीकडे पाय वळण्याची वेळ तीच. तिकडे क्वाया म्हणजे केवळ रविवारचे गाणे नसते. त्याला अध्यक्ष असतो, चिटणीस असतो, खजिनदार असतो. कोणी आजारी पडले की सारे भेटीला जातात, कोणी मेले की वर्गणी काढतात. वडील सुटले का, असे आम्ही विचारले. ‘दोनदा सुटले, तीनदा परत गेले,’ तो म्हणाला. तो पुण्यात असेपर्यंतची ही गोष्ट. पुढचे आम्हांला माहीत नाही.

एक गोष्ट त्याने त्या दिवशी वहीत लिहून दाखवली होती. स्वाहिलीत माणसांच्या शब्दांना पुढे ‘म’ लागतो. म्तू म्हणजे माणूस, म्क्रिस्तो म्हणजे ख्रिस्ती, म्लेवी म्हणजे दारुड्या. त्याच शब्दांना ‘उ’ लावला की माणूस जाऊन भाव उरतो. उतू म्हणजे माणुसकी, उक्रिस्तो म्हणजे ख्रिस्ती धर्म, उलेवी म्हणजे दारूबाजी. भाषेच्या व्याकरणात म्लेवी हा म्तूच्याच ओळीत उभा आहे आणि उलेवी त्याच्यापासून वेगळी काढता येते. आपल्या मराठीत ‘दारुडा’ म्हटले की माणूस आणि व्यसन एकाच शिवीत मोकळे होतात. व्याकरणाने कोणी तरत नाही, हे खरे. पण त्याची वही आमच्या डोळ्यांसमोरून गेलेली नाही.

त्या गाण्यांची एक बाजू आम्हांला तेव्हाही पटली नव्हती आणि आजही पटत नाही. काही गाणी नुसती दरडावतात. दारू सैतानाची, पिणारा नरकाचा, संपले. आमचा मित्र सांगे, असे गाणे रेडिओवर लागले की त्याची आई रेडिओ बंद करायची, कारण वडील पलीकडच्या खोलीत असत. ती माउली गाण्याच्या विरोधात नव्हती. ऐकणाऱ्याला त्याचा काय उपयोग होतो ते तिला ठाऊक होते. आमच्या प्रवचनांतही असे दरडावणे होऊन गेले आहे, आणि तेव्हा मागच्या दाराजवळ उभे राहणारे पुरुष मिस्सा संपण्याआधी निघून गेलेले आम्ही वेदीवरून पाहिले आहेत.

संत पौलाने इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय घरी काढून पाहा, ओवी 18 आणि 19. धुंद होऊ नका, असे बजावून तो लगेच काय सांगतो? आत्म्याने भरून जा आणि एकमेकांशी स्तोत्रांनी व गीतांनी बोला. दारू बंद करून तो प्याला रिकामा ठेवत नाही. आणि ‘एकमेकांशी’ हा शब्द सोडू नका. गाणे देवासाठी आहेच, पण ते शेजारी उभा असलेल्या माणसासाठीही आहे. पन्नासाव्या दिवशी प्रेषितांच्या तोंडून निघालेले शब्द ऐकून लोकांनी त्यांनाच प्यालेले ठरवले होते, तेव्हा पेत्राला उठून सांगावे लागले की अजून सकाळचे नऊच वाजले आहेत.

यावर कोणी म्हणेल, आणि आमच्याकडे आलेल्यांपैकी एका सुज्ञ गृहस्थांनी तसे म्हटलेही, ‘फादर, पिणाऱ्याच्या तोंडून देवाची स्तुती म्हणजे ढोंग नव्हे का?’ प्रश्न जुना आहे. ॲरिस्टॉटलने ख्रिस्तापूर्वी चौथ्या शतकात नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या सातव्या भागात तो हाताळला आहे. माणसाला चांगले काय ते कळते, तरी तो वाईट का करतो? तो म्हणतो, प्यालेला माणूसही थोर कवीच्या ओळी घडाघडा म्हणू शकतो, म्हणून त्याला त्या कळल्या असे नव्हे. इथपर्यंत ते आपल्या सुज्ञ गृहस्थांच्या बाजूचे आहे. पण लगेच तो दुसरे उदाहरण देतो ते शिकाऊ विद्यार्थ्याचे. तोही वाक्ये जुळवतो आणि त्यालाही अजून कळलेले नसते, कारण ज्ञान अंगात मुरावे लागते आणि मुरायला वेळ लागतो. आमचे म्हणणे एवढेच की मागच्या रांगेतला तो माणूस ढोंगी आहे की शिकाऊ, हे त्याच्या आवाजावरून ठरत नाही. आणि शिकाऊ असेल तर त्याला वर्गाबाहेर काढून तो कसा शिकेल? आपल्यापैकी किती जणांना आपण गातो ते सारे कळते? क्षमेचे गीत गाऊन बाहेर पडतो आणि भावाच्या घरावरून मान वळवून जातो.

संत अगस्तीनने आपल्या आईबद्दल, संत मोनिकेबद्दल, जे लिहून ठेवले आहे ते फार थोड्यांना ठाऊक असते. लहानपणी तिला पिंपातून द्राक्षारस काढून आणायला पाठवीत. ती एक घोट घेई. घोटाचे पेले झाले. एक दिवस घरच्या दासीने भांडणात तिला दारुडी म्हटले आणि ते तिच्या जिव्हारी लागले. तिने सोडली. टोमण्याने एक मोनिका सुटली खरी. पण त्याच अगस्तीनने स्वतःच्या सवयीला साखळी म्हटले आहे, आणि ती एका टोमण्याने तुटली नाही. मिलानच्या मंदिरात लोकांची स्तोत्रे ऐकून तो ढसाढसा रडला, असे तो सांगतो. पुढे हाच माणूस, गाण्याच्या गोडव्याने आपण अर्थ विसरतो की काय, म्हणून धास्तावतोही. आम्हांला ती धास्ती योग्य वाटते. गाणे म्हणजे औषध नव्हे.

म्हणून थोडे रोखठोक. दारूचे व्यसन हा आजार आहे, हे वैद्यकशास्त्र मानते. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणातही (क्र. 1735) सवयीमुळे माणसाच्या कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते असे म्हटले आहे. कमी होते, नाहीशी होते असे नव्हे. बरीच वर्षे रोज पिणाऱ्याला रिट्रीटमध्ये क्रुसावर हात ठेवून शपथ घ्यायला लावून एका रात्रीत दारू तोडू नका. झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरांकडे न्या. शपथ मोडली तर तो देवालाही तोंड दाखवीनासा होतो, हे आम्ही पाहिले आहे. 1935 साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची पहिली पायरी शपथेची नाहीच. ‘माझे दारूपुढे चालत नाही’ एवढे कबूल करण्याची आहे. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जो परेरा यांनी 1981 मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये मुक्तांगण सुरू केले. घरच्यांनीही मदत घ्यावी. आणि हातभट्टीबद्दल ‘आपल्याकडची चांगली असते’ असे कोणी म्हणू नये. नोव्हेंबर 2000 मध्ये नैरोबीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, जून 2015 मध्ये आपल्या मालाडच्या मालवणीत शंभरावर. दोन्हीकडे मिथेनॉल, दोन्हीकडे गरीब.

आता ती गोष्ट, जी लिहायला आम्ही टाळत होतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना हीच मागणी आमच्याकडे आली होती आणि आम्ही ती तेव्हाच मान्य केली. त्या गृहस्थांना आम्ही फोनवर सांगितले, बरे वाटले की या. प्रत्यक्ष घरी जायला हवे होते, गेलो नाही. ते गायकवृंदातून गेले, मग मिस्साला येईनासे झाले, मग फाटकापाशी दिसत तेही थांबले. अडीच वर्षांनी आम्ही त्यांची अंत्यविधीची मिस्सा केली. गायकवृंद सुंदर गायला. दफनानंतर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, ‘फादर, सरावाच्या दिवशी ते आठ वाजता घरात आपला बास गात बसायचे. एकटेच. शेवटच्या महिन्यापर्यंत.’ त्या रागावून बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

गायकवृंदाशी बसून आम्ही काय ठरवले ते सर्वांना कळावे. आपला टेनर मागच्या रांगेत राहील. ज्या दिवशी पिऊन येईल त्या दिवशी तो गाणार नाही, खाली बाकावर बसेल, आणि गायकवृंदातील एक जण त्याच्या शेजारी बसेल. घरी पाठवायचे नाही. एकल ओळी तूर्त त्याला नाहीत, हे त्यानेच सुचवले. सोमवार ते शनिवार संध्याकाळी सात वाजता कोणी ना कोणी त्याच्याकडे जाईल. सहा नावे हवी होती, चार मिळाली. पाचवे नाव त्या दिवशी मागणी घेऊन आलेल्या सुज्ञ गृहस्थांनी स्वतःहून दिले. सहावे आमचे, शनिवारचे, मिस्सा आटोपल्यावर.

आणखी एक. गायकवृंदाच्या नाताळ स्नेहसंमेलनात यंदा बाटली नसेल. धर्मग्रामाच्या सणाच्या जेवणातही नसावी, असे आम्ही पॅरिश कौन्सिलपुढे मांडणार आहोत. तेथे वाद होईल याची कल्पना आहे. हळदीला, बाप्तिस्म्याला, मयताच्या घरी रात्री बसायलाही ज्या समाजाला बाटली लागते, त्याने एका टेनरवर बोट ठेवणे आम्हांला अवघड वाटते. काना गावी प्रभूने द्राक्षारस पुरवला, हे आम्हांला ठाऊक आहे. कौन्सिलमध्ये कोणी आठवण करून देण्याची गरज नाही.

ती कॅसेट पुण्यातच हरवली. पण तिच्यातली चाल आठवते, आणि ती आम्ही सरावात दोनदा गुणगुणून दाखवली, जमेल तशी. शब्द आपले मराठी असतील. आपल्या धर्मग्रामातील एक शिक्षिका ते उधळ्या पुत्राच्या दाखल्यावरून लिहीत आहेत. ढोल कोण वाजवणार हे अजून ठरायचे आहे. येत असेल त्याने मंगळवारी रात्री आठ वाजता सरावाला यावे.

ख्रिस्ताठायी आपलेच,
प्रमुख धर्मगुरू